बोर्डिंगची कौलं

गारा थांबल्या तसं शेवखेडं एकदम गप झालं. सगुणाबाई कांद्याच्या वावरात डोक्यावर घमेलं पालथं धरून बसली होती, ती तशीच बसून राहिली. घमेल्यावरचा दणका थांबला होता, पण कानात तो अजून वाजतच होता. पाठीवर, दंडावर गारांनी चेचलं होतं तिथं आता चुणचुणायला लागलं. तिनं घमेलं उतरवलं. कांद्याची सगळी पात झोपली होती, वरून गुरांचा कळप गेल्यासारखी, आणि सरींमध्ये गारांचे पांढरे ढीग साचले होते.

तिचा नवरा पुंजा बांधावरच्या बाभळीखालून आला. कपाळावर टेंगूळ उठलं होतं.

"गेलं सगळं," तो म्हणाला.

"खाली कांदा हाय की," सगुणाबाई म्हणाली. "पात गेली तर जाऊ द्या. वापसा आला की उपटून घेऊ, सडायच्या आत."

पुंजा वाकला, एक कांदा ओढून हातात फिरवून बघू लागला. तेवढ्यात गावाकडून सिंधुबाईची हाक आली. म्हातारी देवळाजवळच्या उंचवट्यावर उभी राहून पदर हलवत होती.

"देवळाची कौलं गेलीऽऽ! पुंजाभाऊ! देवळाची कौलं गेली!"

शेवखेड्यात देऊळ दोन. एक मारुतीचं, वेशीत. दुसरं ख्रिस्ती लोकांचं, गावाच्या उगवतीला, काळ्या दगडाचं. बाहेरचे लोक त्याला चर्च म्हणत. गावात सगळेच, हिंदूसुद्धा, देऊळच म्हणत. इंग्रजांच्या राज्यात, संवत छप्पन्नच्या दुष्काळात, गोऱ्या साहेबानं लोकांना काम द्यावं म्हणून ते बांधायला काढलं. कौलं आगगाडीनं मनमाडला उतरली आणि तिथून बैलगाड्यांनी आली, असं म्हातारी माणसं सांगत. देवळाच्या मागून मग एकेक इमारत उठली. दवाखाना झाला, पाळकाचा बंगला झाला आणि मैदानाच्या पलीकडं मुलींचं बोर्डिंग झालं. दवाखाना कधीच पडला, त्याचे दगड लोकांच्या गोठ्यांना लागले. बंगल्यावर पत्रे आले, त्यात आता भुशाची पोती होती. बोर्डिंग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तालुक्याला सरकारी वसतिगृहं झाली, एसटी गावात यायला लागली, मुली कमी होत होत शेवटी तिघीच उरल्या आणि एका उन्हाळ्यात दाराला कुलूप लागलं. पण इमारत उभी होती. दोन जुन्या चिंचा तिच्यावर छत्रीसारख्या पसरल्या होत्या. आजच्या गारा त्या चिंचांनी अंगावर घेतल्या. बोर्डिंगचं एक कौल फुटलं नाही.

देवळाच्या छपराचं दक्षिणेकडचं पाखं मात्र चाळण झालं होतं. सगुणाबाई दारातून आत डोकावली. बाकांवर, फरशीवर, वेदीच्या पांढऱ्या कापडावर लाल खापऱ्या आणि गारा एकत्र पडल्या होत्या. वरून आभाळ दिसत होतं, धुतल्यासारखं निळं. उंबऱ्यावर सिंधुबाईचा नवरा सहादूकाका बसला होता. नव्वदीला टेकलेला माणूस. जन्मभर त्यानं या देवळाची झाडलोट केली होती, बोर्डिंगचं फाटक राखलं होतं. आता तो हातानंच गारा गोळा करून बाहेर फेकत होता. बोटं लाल झाली होती.

"काका, राहू द्या. आम्ही करतो," सगुणाबाई म्हणाली.

"वेदीचं कापड भिजलं," तो म्हणाला, आणि परत गारा गोळा करायला लागला.

पुढच्या रविवारची उपासना भिमाजीच्या कांदाचाळीत झाली. देवळात वर अडकलेली कौलं केव्हाही सुटतील अशी होती. चाळ रिकामी होती, पण मागच्या वर्षीच्या कांद्याचा वास जाळीजाळीत मुरला होता. प्रार्थनेला डोळे मिटले की नाक चुरचुरायचं. शांतवन पाळक चांदवडहून मोटरसायकलवर आले होते. त्यांच्याकडं चार गावं होती. शेवखेड्यात मंडळीची घरं आता दहा-बारा. बाकी सगळे नाशिकला, पुण्याला गेलेले.

आशीर्वाद झाल्यावर पाळक म्हणाले, "बसा जरा. धर्मप्रांताच्या ऑफिसचं म्हणणं सांगतो. छप्पर नीट होत नाही तोवर देवळात पाऊल ठेवायचं नाही. ईस्टरपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर इथली मंडळी चांदवडला जोडायची. इमारत उतरवून घ्यायची."

"उतरवायची?" पुंजा म्हणाला. "देऊळ?"

"ऑफिसचं म्हणणं हाय, पुंजाभाऊ. माझं नाही."

भिमाजी कमिटीचा सेक्रेटरी. जाड अंगाचा, बोलायला रोखठोक. तो म्हणाला, "मी नाशकाला जाऊन आलो. द्वारकेच्या चौकापास्नं पुढं जुन्या सामानाचे सगळे वाडे पालथे घातले. असलं कौल कुठं भेटत नाय. आत्ताचं लहान हाय, जुन्याला बसत नाय. पत्रा टाकायचा तर खाली लोखंड पायजे, अन् त्या भिंतींना ते झेपायचं नाय." तो थांबला. मग मान न हलवता त्यानं नुसत्या डोळ्यांनी मैदानापलीकडं बघितलं. "कौलं तर समोरच हायेत. एकाच भट्टीतली. त्याच मापाची."

सगळ्यांनी चाळीच्या जाळीतून बोर्डिंगकडं बघितलं. सगुणाबाईकडं कुणी बघितलं नाही. त्यावरूनच तिला कळलं की सगळ्यांच्या मनात तीच आहे.

"अन् तिथं आता हाय तरी कोण?" भिमाजी म्हणाला. "त्याला काय वारस हाय का कुणी?"

सगुणाबाईनं पदर सारखा केला, चप्पल शोधली आणि ती बाहेर पडली.

ती बोर्डिंगची पोर होती. गावात अजूनही कुणाशी वाजलं की हा शब्द यायचाच. "बोर्डिंगची ती, तिला काय नातीगोती कळणार." चारेक वर्षांची असताना तिला एका माणसानं इथं, बोर्डिंग चालवणाऱ्या मोठ्या बाईंकडं, आणून सोडलं. ते बघणारा आता सहादूकाका एकटाच उरला होता. लहानपणी ती फाटकाशी त्याच्याजवळ बसायची आणि म्हणायची, "काका, सांग ना." काका फार बोलणारा नव्हता. पण एवढं सांगायचा. पांढरं मुंडासं होतं. गुडघ्यापर्यंत धूळ. टाकीजवळ तुला खाली ठेवली. पाणी मागितलं, आधी तुला पाजलं, मग तो प्याला. मोठ्या बाईंना म्हणाला, चांदवडचा बाजार करून येतो. तू रडली नाहीस.

दर वेळी तेवढंच. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. ती वयात आल्यावर एकदा हट्टानं म्हणाली, "आणखी काहीतरी आठव ना, काका." त्यानं पुष्कळ वेळ विचार केला आणि म्हणाला, "कान तुझ्यासारखे होते. जरा भाईर आलेले." त्या दिवसापासून ती वेणी घट्ट मागं ओढून बांधायला लागली. कान दिसले पाहिजेत.

मे महिना आला की मुलींना न्यायला बाप यायचे. फाटकात बैलगाड्या लागायच्या. ट्रंका निघायच्या. सगुणा ओट्यावर उभी राहून सगळ्यांना हात करायची. शेवटची गाडी गेली की बोर्डिंगमध्ये ती आणि स्वयंपाकीण नवसाबाई. नवसाबाई गावातली माळीण, विधवा. ती म्हणायची, "चल गं, आपण दोघी कुरडया घालू." आणि सुट्टीभर तिला कुशीत घेऊन निजायची.

लग्नाचं वय झालं तेव्हा मोठ्या बाईंनी नाशिकची दोन स्थळं आणली. एक छापखान्यात कामाला होता, चांगला शिकलेला. सगुणा नाही म्हणाली. पुंजाला हो म्हणाली, कारण पुंजाच्या घराच्या ओट्यावरून बोर्डिंगचं फाटक दिसत होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारत आलं तर ते बोर्डिंगवर येणार. मग आपण तिथून हाकेच्या अंतरावर पाहिजे. मुलगा दीपक नाशिकला गंगापूर रोडवर फ्लॅट घेऊन राहिला, दर वर्षी म्हणायचा, "आई, ये ना राहायला, नात तुझी, सृष्टी, वाट बघते." ती कधी कांद्याचं निमित्त सांगायची, कधी शेळी व्यायला आली म्हणायची. नाशिकला जायची ती सकाळच्या गाडीनं, आणि दिवस मावळायच्या आत परत.

त्या रविवारी पुंजा दुपारी घरी आला. ती ओट्यावर विळ्यांना धार लावत बसली होती. तो समोर उकिडवा बसला.

"मी कमिटीत सांगून आलोय," तो म्हणाला. "तुह्या तोंडून हो निघाल्याबिगर बोर्डिंगला शिडी लागणार नाय."

"अन् मी नाय म्हटलं तर?"

"तर नाय."

"मग देऊळ?"

पुंजानं जमिनीवर काडीनं रेघा मारल्या.

तिला त्याचा राग आला. परस्पर कौलं काढून मोकळे झाले असते तर चार दिवस रडून तीही मोकळी झाली असती. आता ते ओझं तिच्या डोक्यावर आलं होतं आणि उतरवून ठेवायला जागा नव्हती.

वापसा आला तशी कांद्याची काढणी सुरू झाली. पात तुटलेली, त्यामुळं कांदा ओढून निघेना. एकेक बोटांनी उकरून काढावा लागे. दोन दिवसांत सगुणाबाईच्या नखांत माती बसून बोटं सुजली. उन्हं एकदम तापली होती. ओल्या जमिनीतून वाफ यायची, खालून शेकायची. बायका ओळीनं बसून कांदा कापत होत्या. एका हातात विळा, एका हातात कांदा, पात कापून मागं टाकायची. भिमाजीची सून रूपाली तिच्या शेजारी बसली होती. तिला सहावा महिना होता, तरी हात चालू होता.

"आत्या, राग नका मानू," रूपाली म्हणाली. "पण त्या पडक्या खोल्यांत एवढं काय हाय? आम्ही तर तिकडं शेळ्या बांधतो."

"बांधा की," सगुणाबाई म्हणाली.

"मंग कौलांचं काय एवढं?"

विळा घसरला. अंगठ्याजवळ कापलं. सगुणाबाईनं मूठभर कांद्याची साल दाबून धरली आणि उठली. पलीकडच्या दोघीजणींनी एकमेकींकडं बघितलं.

त्याच दुपारी ती सहादूकाकाकडं गेली. गारांच्या दिवसापासून त्यानं अंथरूण धरलं होतं. छातीत घरघर लागली होती. सिंधुबाई त्याच्या उशाशी बसून पदरानं वारा घालत होती.

"बघ गं, तुला तरी ओळखतोय का," सिंधुबाई म्हणाली. "काल दीराला ओळखलं नाय. मी तोवर पाणी आणते."

सगुणाबाई खाटेजवळ खाली बसली. "काका, बोर्डिंगची कौलं काढायची म्हणतात. देवळावर टाकायला."

काकानं डोळे उघडले. "देऊळ गळतं का?"

"गळतं."

"मला देवळातून न्या," तो म्हणाला. "दार मोठं हाय. चौघं सहज मावतात."

तिनं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग सवयीनं म्हटलं, "काका, सांग ना."

काका तिच्याकडं बघत राहिला. काय सांगायचं, ते त्याच्या डोळ्यांत कुठं दिसेना. मग तिनंच सुरुवात केली. आवाज हळू ठेवून, लहान मुलाला सांगावं तसं. "एक माणूस आला होता, काका. पांढरं मुंडासं होतं. गुडघ्यापर्यंत धूळ. त्यानं पोरीला टाकीजवळ ठेवली. पाणी मागितलं. आधी पोरीला पाजलं, मग तो प्याला."

काका ऐकत होता. त्याची मान बारीक हलत होती.

"मोठ्या बाईंना म्हणाला, चांदवडचा बाजार करून येतो."

"मंग?" काका म्हणाला. "आला का तो?"

सगुणाबाईचा हात खाटेच्या सुंभावर होता. तिनं तो घट्ट धरला. साठ वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही विचारला नव्हता. काका मान वळवून बघत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि खरंच ऐकायचं होतं.

"नाय, काका," ती म्हणाली. "नाय आला."

"आरं आरं," काका म्हणाला आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, वाळल्या पानासारखा. तो तसाच राहिला. सिंधुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली तेव्हा सगुणाबाई खाटेच्या कडेवर कपाळ टेकून बसली होती, आणि काकाला झोप लागली होती.

दोन दिवसांनी काका गेला.

मातीला नाशिकहून, मनमाडहून माणसं आली. शवपेटी देवळापुढच्या मैदानात दोन बाकांवर ठेवली. वर ताडपत्री बांधली होती, पण वारा सुटला होता. ताडपत्रीचं एक टोक सुटून फटाफट वाजत होतं. पाळकांचा आवाज त्यात अर्धा ऐकू येई. ऊन तिरपं होऊन थेट काकाच्या तोंडावर आलं. सिंधुबाई उठली, पेटीच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिनं आपल्या अंगाची सावली त्याच्यावर धरली.

"आत न्या रं त्यांना," ती म्हणाली. "नुसतं दारातून आत न्या. एवढंच म्हणत होते ते."

भिमाजी तिच्याजवळ आला. एरवीचा रोखठोक माणूस, आज शब्द शोधत होता. "मावशी, वर लटकू राहिलंय सगळं. कुणाच्या डोक्यात पडलं म्हंजे?"

"त्यांनी जन्मभर झाडलं ते देऊळ. त्यांच्या डोक्यात नाय पडायचं."

कुणी हललं नाही. गीत सुरू झालं. पेटी उचलायला माणसं तयार उभी, टाळ कुणी आणला नव्हता, नुसते कोरडे आवाज. मधेच देवळात काहीतरी घसरलं आणि फरशीवर फुटलं. सगळ्यांनी तिकडं बघितलं. सिंधुबाई खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिनं तोंड झाकून घेतलं.

माती देऊन लोक हातपंपावर हात धूत होते. पुंजा दांडा हापसत होता. सगुणाबाई शेवटी आली, हात पुढं केले, धुतले, आणि पाणी झटकत म्हणाली,

"उद्या शिडी लावा."

पुंजाचा हात थांबला. "सगुणा..."

"हापसा. मागं माणसं खोळंबलीत."

कौलं उतरवायला चिमाजी आला. शेजारच्या वस्तीवरचा, शाकारणीत हयात गेलेला माणूस. तो आणि पुंजा वर चढले. खाली बायकांची रांग लागली. बोर्डिंगच्या ओट्यापासून मैदान ओलांडून देवळाच्या पायरीपर्यंत, हातोहात. गाडीनं नेलं तर फुटतील, असं चिमाजीचं म्हणणं. मारुतीच्या आळीतल्या बायकाही आल्या. त्यांच्या कितीतरी जणींच्या आया, आज्या इथल्या जुन्या दवाखान्यात बाळंत झालेल्या.

सगुणाबाई चहा घेऊन आली होती. रांगेत उभं राहायचं तिच्या मनात नव्हतं. किटली ठेवून ती परतणार, तेवढ्यात रूपालीनं कमरेवर हात ठेवला आणि ती वाकली. दोन बायकांमध्ये जागा पडली. एक कौल हवेत अडकलं. अलीकडची बाई हात पुढं करून उभी, घ्यायला कुणी नाही.

"सावलीत बस जा," सगुणाबाई रूपालीला म्हणाली आणि तिनं कौल घेतलं.

मग दिवस मावळेपर्यंत ती रांगेतून हटली नाही. कौलं तापलेली असत. वरच्या बाजूला शेवाळ वाळून काळं झालेलं, खालची बाजू मात्र जशीच्या तशी लाल, आजच भट्टीतून काढल्यासारखी. कापलेला अंगठा प्रत्येक कौलाला ठसठसायचा. डोळ्यांत धूळ जायची. ती बोलत नव्हती. कौल घ्यायचं, पोटाशी धरायचं, वळायचं, पुढं द्यायचं.

दुसऱ्या दिवशी पाखं निम्मं उघडं झालं. पाणी प्यायला म्हणून ती आत गेली. मुलींच्या निजायच्या लांब खोलीत कोपऱ्यात तिची जागा होती, खिडकीखाली. तिथं कधी ऊन यायचं नाही. थंडीत फरशी बर्फासारखी लागायची, नवसाबाई खाली पोतं घालायची. आज तिथं ऊन पडलं होतं. फरशीवर शेळ्यांच्या लेंड्या होत्या, एक फाटकी दोरी होती. ती त्या उन्हात जाऊन उभी राहिली. पायांना चटका बसला, तरी उभी राहिली.

"सगुणाऽ!" वरून पुंजाचा आवाज आला. वाशांच्या मधून त्याचं घामेजलेलं तोंड दिसत होतं. "तिथून बाजूला हो. तुकडे पडतील."

"तुम्ही धरून बसा नीट," ती म्हणाली. "पाय लटपटू राहिलेत तुमचे. खालून दिसतंय."

देवळावर कौलं चढली. जुन्या लालांमध्ये ही काळसर, त्यामुळं दक्षिणेचं पाखं लांबून ठिगळ लावल्यासारखं दिसायचं. शेवटचं कोनेरी कौल आढ्यावर बसवून चिमाजी उतरला आणि म्हणाला, "आता चिंचा नसल्या तरी चालतंय. राखायला त्यांच्याखाली छप्परच राहिलं नाय." गुड फ्रायडेला बायकांनी फरशी धुतली. बाकं उन्हात काढून पुसली.

ईस्टरच्या सकाळी देऊळ भरून बाहेर माणसं उभी राहिली. गाव सोडून गेलेले सगळे आले होते. दीपक आला, सून उज्वला आली, सृष्टी नवा फ्रॉक घालून आली. सिंधुबाईला भिमाजीनं हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं. पाळकांनी सहादूचं नाव घेऊन प्रार्थना केली. सगुणाबाई भिंतीकडच्या बाकावर होती. सगळे माना वर करून छपराकडं बघत होते, एकमेकांना दाखवत होते. ती गीत म्हणत होती, पण तिनं वर बघितलं नाही. नातीनं कानाशी लागून विचारलं, "आजी, तुझी कौलं कोणती गं?" तेव्हा तिनं वर बोट केलं. त्याच वेळी कुठूनतरी वाऱ्याची झुळूक आली आणि गारवा वाटला. मैदानात तर ऊन रणरणत होतं.

उपासना झाल्यावर मैदानात पंगती बसल्या. रश्श्याचा वास सुटला. सगुणाबाईनं वाढायचं भांडं उज्वलाच्या हातात दिलं आणि ती बोर्डिंगकडं गेली.

वर आता नुसतं आभाळ होतं. वासेही काढून नेले होते. चार भिंती, खिडक्यांची भोकं, ओटा. ओट्यावर उभं राहून तिनं फाटकाकडं बघितलं, तिथून चांदवडकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. एक टेम्पो कांदा भरून चालला होता. तो वळणावर दिसेनासा झाला.

तिला एक गोष्ट कधी सुचलीच नव्हती, ती आत्ता सुचली. आपण त्याला काय म्हणत होतो? चार वर्षांची पोर बोलते. काहीतरी म्हणत असणारच. गावात कुणी बापाला दादा म्हणतं, कुणी आबा, कुणी बापू, कुणी नुसतं बा. त्यातलं काय?

ती खोलीत आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. पंगतीचा गलका लांबून येत होता.

"दादा," ती म्हणाली.

आवाज वर निघून गेला. पूर्वी या खोलीत शब्द घुमायचा.

"आबा." मग जरा थांबून, "बापू."

यातलं कुठलंच जिभेला ओळखीचं वाटेना. तिला हसू आलं. तिनं भिंतीला हात टेकला. "बा," ती म्हणाली. मग मोठ्यानं, फाटकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात, "बाऽऽ!"

हा तोच शब्द होता की नव्हता, ते तिला कळलं नाही. पण एकदा निघाला तो परत परत निघाला. भिंतीशी उभी राहून ती हाका मारत राहिली आणि रडत राहिली, नाक, डोळे, सगळं वाहू दिलं.

पुंजा तिला शोधत आला होता. हाका ऐकून तो ओट्याच्या पायरीपाशीच थांबला. आत गेला नाही. हातातली ताटानं झाकलेली पत्रावळ त्यानं उन्हातून सावलीत सरकवली आणि पायरीवर बसून राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड धुतल्यासारखं झालं होतं. त्यानं पत्रावळ पुढं केली.

"रस्सा निवला," तो म्हणाला.

तिनं तिथंच बसून जेवून घेतलं. जेवता जेवता म्हणाली, "मी दीपकबरोबर जाते. नाशकाला."

"आज? परत कधी?"

"राहते थोडे दिवस."

पुंजानं तिच्याकडं बघितलं. "शेळी..."

"शेळीचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

पावसाच्या आत भिंती उतरवायच्या असं कमिटीत ठरलं होतं. बिनछपराच्या मातीच्या सांध्यांत पाणी मुरलं असतं, पोरंबाळं खेळतात, अंगावर यायच्या. त्यासाठी जेसीबी आला त्या आठवड्यात सगुणाबाई गंगापूर रोडला होती. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून ती मेथी निवडत होती. पुंजाचा फोन आला. मागं मशिनची घरघर ऐकू येत होती.

"झालं," तो म्हणाला. "सकाळीच झालं. दगड देवळाच्या कुंपणाला लावायचे म्हणतोय भिमाजी. चिंचांना हात लावू दिला नाय मी."

"पाण्याची टाकी?"

"ती पण गेली."

"हं," ती म्हणाली. मेथीची एक काडी मोडून, "रूपाली कशी हाय?"

"बरी हाय. तू कधी येती?"

"येईन. हिथं सृष्टीला सुट्टी लागलीय." मग ती म्हणाली, "तुम्ही जेवला का?"

"सिंधुबाईनं भाकरी दिली."

फोन ठेवून तिनं उरलेली मेथी निवडली, काड्या बाजूला केल्या, हात धुतले. ऊन गॅलरीतून सरकत गेलं होतं. ती आत येऊन खाली चटईवर आडवी झाली, जरा पाठ टेकावी म्हणून, आणि तिला झोप लागली. उज्वला चहाला उठवायला आली. सासूला दुपारची झोपलेली तिनं कधी पाहिली नव्हती. तोंड किंचित उघडं होतं, एक हात चटईबाहेर फरशीवर पसरलेला. सृष्टी "आजी" म्हणून हलवायला गेली, तर उज्वलानं तिचा हात धरला, पंखा एक बटण वाढवला आणि दार हळूच ओढून घेतलं.